फोटो काढा, म्हणजे नेमकं काय करा?

वाचनालयाच्या शंभरीतला तो फोटोंचा कोपरा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. काहींनी तिथे फोटोही काढलाय. लॅपटॉपसमोर बसायचं, बटण दाबायचं, तीन-दोन-एक, आणि आपला चेहरा समोरच्या भिंतीवर. तो कोपरा मी केला होता. पहिल्या रविवारनंतर तो चार दिवस बंद का होता, हे अनेकांनी विचारलं. तेव्हा मी "मशीन बिघडलंय" असं सांगितलं. ते खोटं होतं. मशीन ठणठणीत होतं, चूक माझी होती. आज सगळं लिहिते. पोस्ट लांब आहे, पण वाचा, कारण विषय नुसता वाचनालयाचा नाही.

ज्या ताईमुळे हे घडलं तिला आधी वाचून दाखवलंय. तिच्या सांगण्यावरून तिच्याबद्दलचे काही तपशील बदललेत.

तर झालं असं. शंभरीची बैठक होती. अण्णा, म्हणजे आमचे अध्यक्ष, म्हणाले, "जुने फोटो लावू." कपाटातून अल्बम काढला. त्यात पाहुणे, हार, शाली, नारळ, दीपप्रज्वलन. वाचणारा माणूस एकाही फोटोत नाही! शंभर वर्षांत हजारो लोकांनी इथून पुस्तकं नेली, त्यातल्या एकाचाही चेहरा आपल्याकडे नाही. मीच बोलून गेले, "मग आता काढू की. वाचणाऱ्यांचे." बोलेल तो करेल, हा आपल्याकडचा नियम. माझा कॉम्प्युटर क्लास आहे, क्लासमधला एक जुना लॅपटॉप होता, वाचनालयाची वेबसाइट होती. झालं, काम माझ्या गळ्यात.

कल्पना साधी होती. वेबकॅमसमोर बसून माणसाने स्वतःच फोटो काढायचा. तो लगेच वेबसाइटवरच्या गॅलरीत जाणार आणि प्रोजेक्टरवर दिसणार. फोटोवर बोट ठेवलं की तो पत्त्यासारखा उलटणार, मागे नाव, आवडतं पुस्तक आणि कोणत्या साली सभासद झालात ते. लहान मुलांसाठी शाळा आणि इयत्ता.

पूर्वी ब्राउजरमध्ये कॅमेरा चालवायला फ्लॅश लागायचं. ते २०२० च्या शेवटी कायमचं बंद झालं. आता ब्राउजरलाच थेट सांगता येतं की कॅमेरा दे. 'गेटयूजरमीडिया' नावाची एक आज्ञा आहे, ती दिली की ब्राउजर "परवानगी आहे का?" असं विचारतो, आपण हो म्हटलं की चित्र सुरू. त्या हलत्या चित्रातला एक क्षण 'कॅनव्हास' नावाच्या अदृश्य पाटीवर उतरवायचा, त्याची जेपीईजी फाइल करायची आणि सर्व्हरवर पाठवायची. खरं सांगते, एवढा भाग एका दुपारी झाला.

मग नेहमीच्या कटकटी. माझ्या टेबलावर सगळं छान, वाचनालयाच्या वेबसाइटवर टाकलं तर कॅमेरा उघडेचना. तीन तास डोकं खाजवलं. शेवटी लक्षात आलं, साइटचा पत्ता नुसत्या एचटीटीपीवर होता, पुढचा 'एस' नव्हता. साइट सुरक्षित नसेल तर ब्राउजर कॅमेरा देतच नाही. क्रोमने तर २०१५ च्या डिसेंबरपासूनच ते बंद केलंय. स्वतःच्याच मशीनवर चालवताना मात्र सूट असते, म्हणून घरी चाललं होतं. सर्टिफिकेट फुकट मिळतं, ते बसवलं, कॅमेरा उघडला.

दुसरी कटकट आरशाची. पडद्यावर स्वतःला बघताना आपल्याला आरशासारखं चित्र लागतं, नाहीतर मान डावीकडे न्यावी तर ती उजवीकडे जाते. म्हणून मी चित्र उलटं केलं. पण साठवलेला फोटो सुलटा हवा, नाहीतर मागच्या भिंतीवरचं 'सार्वजनिक वाचनालय' उलटं येतं. झालं, लोकांची तक्रार सुरू. "माझा भांग दुसऱ्या बाजूला कसा?" मी म्हटलं, काकू, जगाला तुमचा भांग तिथेच दिसतो. काकूंना पटलं नाही.

तिसरी गोष्ट तेव्हा मी हसण्यावारी नेली. एक आजोबा फोटो काढून झाल्यावर उठेनात. कॅमेऱ्याशेजारच्या बारक्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पोरी, फोटो झाला ना? मग हे अजून काय बघतंय?" फोटो घेतल्यावर कॅमेरा बंद करायची आज्ञा मी दिलीच नव्हती. दिवा दिवसभर जळत होता. मी म्हटलं, "काही नाही आजोबा, तसंच असतं." तसंच काही नसतं. एका ओळीचं काम होतं ते.

पहिला रविवार दणक्यात गेला. रांग लागली होती. आजी-नात, सासू-सून, निवृत्त गुरुजी, दहावीची पोरं. भिंत चेहऱ्यांनी भरत गेली तसं अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. संध्याकाळी गॅलरीची लिंक गावातल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली. मी खूश.

रात्री पावणेअकराला फोन. ओळखीचा नंबर नव्हता.

"मॅडम, झोपला नाहीत ना? माझा फोटो काढाल का?"

मी म्हटलं, "काढू की. उद्या या अकरानंतर, गर्दी कमी असते."

पलीकडे गप्प. मग हळू आवाजात, "तसं नाही मॅडम. काढा म्हणजे... तिथनं काढा. माझा आणि पोरीचा. आजच्या आज."

आपल्या भाषेत 'फोटो काढा' याचे दोन अर्थ होतात, हे मला त्या क्षणापर्यंत कधी जाणवलंच नव्हतं. माझ्या गॅलरीला त्यातला एकच अर्थ येत होता.

ताई सासर सोडून आलेली. का आली ते मी इथे लिहिणार नाही, समजून घ्या. मुलीला घेऊन इथे एका नातलगाकडे राहते, आणि नवरा कुठे शोधत येईल याची तिला धास्ती आहे. वाचनालयात ती मुलीसाठी येते. त्या दिवशी पोरगी म्हणाली, आई, आपण पण. दोघी बसल्या, हसल्या, बटण दाबलं. खाली माझ्या गॅलरीने आपणहून छापलं : रविवार, सकाळी ११.२०, वाचन कक्ष. उलट्या बाजूला पोरीचं नाव, शाळा, इयत्ता. गावाचं नाव तर पानाच्या माथ्यावरच. कुणाला शोधायला अजून काय लागतं?

ती म्हणाली, "बसताना कळलं नाही हो. भिंतीवर लागेल एवढंच वाटलं." बरोबरच होतं तिचं. भिंतीवर लागेल एवढंच आम्ही सांगितलं होतं. दारात एक कागद होता, 'छायाचित्र काढणाऱ्यांची संमती गृहीत धरली जाईल'. तो कुणी वाचला असेल तर शप्पथ.

पाच मिनिटांत काढते म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. तेव्हा कळलं की फोटो काढून टाकण्यासाठी मी काही केलेलंच नाही. घालायचा रस्ता होता, बाहेरचा नव्हता. घाईघाईत यादीतून तिची नोंद खोडली. गॅलरीतून चौकट गेली. तिला कळवलं, गेला. मग सहज फोटोचा थेट पत्ता टाकून बघितला, तर फोटो तिथेच! नोंद गेली होती, फाइल नाही. आणि फाइलींना मी ओळीने नंबर दिले होते, एक, दोन, तीन. म्हणजे नुसता आकडा बदलत गेलं तरी सगळे फोटो उघडतात. फाइल पुसली. मग आठवलं, छोट्या आकाराची वेगळी प्रत असते, ती पुसली. सकाळी वाचनालयात जाऊन बघते तर प्रोजेक्टरवर त्या दोघी अजून हसतायत. नेट हळू चालतं म्हणून मीच ब्राउजरला सांगून ठेवलं होतं, एकदा आलेलं चित्र महिनाभर जपून ठेव. त्याने जपलं. किती जणांच्या मोबाइलमध्ये असंच जपलं गेलं असेल, देव जाणे.

मी प्रोजेक्टर बंद केला आणि 'मशीन बिघडलंय' अशी पाटी लावली.

अजून एक ठिकाण राहिलं होतं. अण्णांनी रविवारी रात्रीच सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेतले होते. शंभरीचा फ्लेक्स, त्यात सगळ्या वाचकांचे चेहरे. शिवाय येत्या निवडणुकीतल्या एका इच्छुकांनी त्यांच्याकडे शब्द टाकला होता, "फोटो आणि नंबर द्या, आम्हीपण शुभेच्छा देऊ." मी अण्णांकडे गेले. म्हटलं, अण्णा, हे पुसावं लागेल. अण्णा म्हणाले, "अगं, गावातलीच माणसं आहेत. वाचनालयात आली, हौसेने बसली. कुणाला काय त्रास?" मी नाव सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, एकीला आहे, आणि अजून कुणाला असेल ते आपल्याला माहीत नाही, कारण आपण विचारलंच नाही.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला, "तूच पूस." फ्लेक्सवाल्याला त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. फ्लेक्स छापून तयार होता. तो आणून वाचनालयाच्या मागे त्याचे तुकडे केले. पैसे अण्णांनी स्वतःच्या खिशातून भरले, समितीत बोललेही नाहीत. मी हे लिहितेय ते त्यांना आवडणार नाही. इच्छुकांना त्यांनी काय उत्तर दिलं माहीत नाही, पण नंबर दिले नाहीत. म्हणजे द्यायला नव्हतेच. नंबर घ्यायचं मी आळसाने टाळलं होतं. या सगळ्यात माझी तेवढी एकच गोष्ट बरोबर निघाली, आणि तीही आळसाने.

त्या चार दिवसांत मी जे केलं ते आता सांगते. तुमच्यापैकी कुणी मंडळासाठी, शाळेसाठी, लग्नासाठी असं काही करणार असाल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात मोठी चूक मला मंगळवारी सापडली. ब्राउजर परवानगी विचारतो, म्हटलं ना वर? तो ती साइटसाठी विचारतो आणि लक्षात ठेवतो. रविवारी सकाळी नऊला 'अनुमती द्या' हे बटण मी दाबलं होतं. त्यानंतर दिवसभर जेवढी माणसं त्या खुर्चीत बसली, त्यांच्यातल्या एकालाही ब्राउजरने काही विचारलं नाही. परवानगी माझी, चेहरे त्यांचे.

म्हणून आता :

१. खुर्चीत बसल्यावर कॅमेरा सुरू नसतो. आधी मोठ्या अक्षरांत तीन वाक्यं येतात : फोटो इंटरनेटवर दिसेल, कुणीही बघू शकेल, कुणी स्क्रीनशॉट घेतला तर तो आम्ही परत आणू शकत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ग्रंथपाल मॅडम वाचून दाखवतात. मग 'कॅमेरा सुरू करा' असं बटण.

२. फोटो निघाला तरी तो त्या लॅपटॉपच्या पडद्यावरच असतो. खाली तीन बटणं : ठेवा, पुन्हा, नको. तिन्ही एकाच आकाराची. आधी माझं 'ठेवा' हिरवं, ठसठशीत होतं आणि 'नको' नव्हतंच. 'ठेवा' म्हटल्याशिवाय सर्व्हरकडे काही जात नाही. 'नको' म्हटलं की संपलं.

३. दोन्हीपैकी काहीही दाबलं की कॅमेरा बंद. दिवा विझतो. आजोबांना मुद्दाम बोलावून दाखवला.

४. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते. पावतीपुस्तकातल्यासारखी, त्यावर आठ अक्षरांचा कोड. वेबसाइटवर तो टाकला की फोटो जातो. कारण विचारत नाही, फोन नंबर मागत नाही. चिठ्ठी हरवली तर स्वतः येऊन चेहरा दाखवा, मॅडम काढून टाकतील.

५. गेला म्हणजे गेला. मोठी फाइल, छोटी फाइल, नोंद, तिन्ही एकदम. ब्राउजरला आता सांगितलंय की काहीच जपून ठेवू नकोस. पानं थोडी हळू उघडतात, उघडू देत. फाइलींची नावं आता ओळीने नाहीत, कुणाला अंदाज बांधता येऊ नये अशी आहेत.

६. वेळ, जागा, शाळा, इयत्ता हे सगळं काढलं. राहिलं ते नाव, तेही हवं असेल तर, आणि पुस्तक.

७. अठरा वर्षांखालच्यांचा फोटो आई-वडील सोबत असतील आणि हो म्हणाले तरच ठेवतो. नाहीतर कागदावर छापून हातात देतो. पोरांना तेच जास्त आवडलं.

शुक्रवारी कोपरा पुन्हा उघडला. आधीच्या रविवारचे सगळे फोटो आम्ही खाली घेतले होते आणि ज्यांना हवं त्यांना पुन्हा बोलावलं. समितीतल्या एका सरांना भीती होती, "असं विचारत बसलात तर भिंत रिकामी राहील." रिकामी राहिली नाही. काही जण आले नाहीत, काहींनी 'नको' दाबलं, अकरा जणांनी नंतर चिठ्ठी वापरून फोटो काढून टाकला. का, ते मला माहीत नाही. माहीत असायची गरजही नाही.

आता मूळ मुद्दा. इंटरनेटवर दिसलेला पहिला वेबकॅम कशाकडे बघत होता माहितीये? कॉफीच्या भांड्याकडे. केंब्रिज विद्यापीठात १९९१ साली तिथल्या संगणकवाल्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला, कारण जिने चढून जावं तर भांडं रिकामं निघायचं. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि जगभरातून लोक ते भांडं बघायला लागले. २००१ मध्ये कॅमेरा बंद केला. भांड्याला कुणी काही विचारलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती. त्याला कुणी शोधत नव्हतं. आपण माणसांचे फोटो काढतो तेही त्या भांड्यासारखेच.

बघा ना आपल्या गावात. वह्यावाटप झालं की वही घेताना पोराचा फोटो, खाली शाळेचं नाव. धान्याचं किट देताना विधवा बाईचा फोटो, किटवर सात जणांचे हात. शिबिरात डोळे तपासताना म्हाताऱ्याचा फोटो. मी पण टाकलेत असे, नाही म्हणत नाही. त्यांच्यातल्या कुणाला आपण विचारलं? आणि वही हातात असताना 'फोटो नको' असं म्हणायची त्या पोराची टाप आहे का?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा केला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली : संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. मी कायद्याची माणूस नाही. पण माझ्या कोपऱ्यात फोटो द्यायला तीन सेकंद लागत होते आणि परत घ्यायला रात्री पावणेअकराला अनोळखी बाईला फोन करावा लागत होता. त्या ताईने तो केला. ज्यांना माझा नंबर मिळाला नसता त्यांचं काय?

ती ताई मागच्या आठवड्यात आली होती. मुलीला घेऊन. मी काही बोलले नाही. पोरगीच म्हणाली, "मॅडम, आम्हाला कागदावरचा पाहिजे." दोघी बसल्या, छापून दिला, 'नको' दाबलं. दिवा विझेपर्यंत ताई त्याच्याकडे बघत होती. मग फोटो पर्समध्ये ठेवला आणि पुस्तक बदलायला गेली.

गॅलरी कार्यक्रम संपल्यावर एक महिन्याने बंद होईल, सगळे फोटो पुसले जातील. तोवर ज्यांना आपला कागदावर हवा असेल त्यांनी येऊन घेऊन जा, पैसे नाहीत.

आणि एक विनंती, मंडळांना, शाळांना, आमच्या सगळ्या होऊ घातलेल्या नगरसेवकांना. पुढच्या वेळी वह्या वाटाल तेव्हा वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो टाका. पोरांचे टाकायचेच असतील तर आधी घरी विचारा. आणि कुणी 'फोटो काढा' म्हणून फोन केला, तर कोणत्या अर्थाने म्हणतायत ते नीट ऐकून घ्या. मी आधी ऐकलं नव्हतं.

तुमचा एखादा फोटो तुम्हाला कुठून काढून हवा असेल आणि कसा ते कळत नसेल, तर इथे लिहू नका, क्लासवर या. संध्याकाळी सहानंतर असते मी.